बार्शीने जगाला दिलेलं उत्तर

काळेवाडीत शेजाऱ्याला गाव विचारलं, तर उत्तर बहुधा बाहेरगावचंच येतं. पवनेपलीकडच्या पिंपरीत, भोसरीत, चाकणच्या पट्ट्यात कामाला आलेल्या माणसांनी ही वस्ती भरली. त्यांतली कितीतरी घरं सोलापूर, धाराशिव, लातूर, बीडकडची. या मंडळींना बार्शी ठाऊक असते ती भगवंताच्या देवळासाठी, बाजारपेठेसाठी, गावाकडच्या वाटेवरच्या एसटी स्टँडसाठी. जगभरचे कर्करोगतज्ज्ञ मात्र बार्शीचं नाव घेतात ते आगळगाव रस्त्यावरच्या एका रुग्णालयामुळे आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या लाखभर बायांमुळे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही या विषाणूची चाचणी करायला सांगते. त्यामागचा एक फार मोठा पुरावा जुन्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमधून गोळा झाला आहे. तो गोळा करणाऱ्यांची नावं त्या जिल्ह्यातून आलेल्या घरांतही फारशी कुणाला ठाऊक नाहीत, ही खरोखर खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

सुरुवात मोजण्यापासून झाली. कर्करोग किती जणांना होतो हे लोकसंख्येच्या हिशेबात मोजणारी भारतातली पहिली नोंदणी मुंबईत 1963 मध्ये डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने उभी राहिली. शहरात हे काम तुलनेने सोपं. तिथे रुग्णालयं असतात, प्रयोगशाळा असतात, कागद असतात. खेड्यात मात्र बाई दुखणं अंगावर काढते आणि एक दिवस जाते. काय झालं होतं, याची नोंद कुठेच नसते. अशा ठिकाणी मोजणार काय?

तरीही 1987 मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं तिच्या कक्षेत आली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांची ही भागीदारी. बार्शीच्या बाजूने धुरा वाहिली डॉ. भगवान नेने यांनी, तर शास्त्रीय बाजू बसवून देण्यात टाटाच्या डॉ. कस्तुरी जयंत यांचा मोठा वाटा होता.

रुग्ण आपल्याकडे येणार नाही, आपणच त्याच्या दारात जायचं, असं या मंडळींनी ठरवलं. कार्यकर्ते गावोगाव फिरत. सरपंच, शिक्षक, आरोग्यसेवक यांना भेटत, मृत्यूच्या नोंदी तपासत. लोकांना जमवून लक्षणं सांगत: तोंडातली न भरणारी जखम, स्तनातली गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेलं रक्त. शंका आली की त्या माणसाला बार्शीला पाठवत. त्यामुळे मोजायला गेलेली माणसं मोजता मोजता लोकांना शहाणंही करत होती. काही वर्षांतच या गावांत गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात हाती लागण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं. 1995 मध्ये तसा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. कोणतंही नवं यंत्र न आणता, नुसत्या बोलण्या-सांगण्यातून एवढं साधलं, याचं मोल मोठं आहे.

नोंदींनी आणखी एक गोष्ट उघड केली. या खेड्यांतल्या बायकांना सर्वांत जास्त गाठत होता तो गर्भाशयमुखाचाच कर्करोग. ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात तो. खरं तर हा हळू चालणारा रोग. विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षं जातात. मधल्या काळात पेशी बिघडू लागल्याचं कळलं, तर छोट्या उपचाराने तो थांबतो. श्रीमंत देशांनी पॅप चाचणीच्या जोरावर या रोगाला आवर घातला होता. पण पॅप चाचणीला काचेवरच्या पेशी वाचणारं तरबेज माणूस लागतं, आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागते. परांड्याच्या वाडीवस्तीवर हे जमणार कसं?

मग इथे कोणती चाचणी चालेल? उत्तर शोधायला फ्रान्समधल्या लियाँ शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, टाटा आणि बार्शी एकत्र आले. लियाँकडून डॉ. आर. शंकरनारायणन, टाटाकडून डॉ. सुरेंद्र शास्त्री, बार्शीत डॉ. नेने आणि त्यांचे सहकारी. पैसा बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा. 1999 मध्ये काम सुरू झालं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नजरेने केलेली तपासणी आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. 30 ते 59 वयाच्या एकूण 1,31,746 स्त्रिया या अभ्यासात होत्या.

आकडा लिहायला सोपा आहे. प्रत्यक्षात आरोग्य कार्यकर्ती दारात उभी राहायची. आतली बाई म्हणायची, मला काही होत नाही, मी कशाला येऊ? सासू विचारायची, नवऱ्याला सांगितलंय का? जिने बाळंतपणाव्यतिरिक्त कुणाला अंग दाखवलेलं नाही, तिला टेबलावर झोपायला तयार करायचं होतं. तपासणी करणाऱ्या बहुतेक जणी प्रशिक्षित सहायक परिचारिका, गावाच्या भाषेत सिस्टरबाई. नजरेच्या तपासणीची रीत अगदी साधी: ॲसिटिक ॲसिडच्या पातळ द्रावणात कापूस बुडवायचा, गर्भाशयमुखाला लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि उजेडात पाहायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच हे ॲसिड. एचपीव्ही चाचणीत ब्रशने नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत पाठवायचा. जिच्यात दोष दिसला तिची दुर्बिणीतून तपासणी, गरज असेल तर तुकड्याची तपासणी, मग उपचार.

एप्रिल 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने निष्कर्ष छापले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटातल्या 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या. नेहमीच्या सेवेवर असलेल्या 31,488 जणींच्या गटात हा आकडा 64 होता. वाढलेल्या टप्प्यातले कर्करोग एचपीव्ही गटात 39, नेहमीच्या सेवेच्या गटात 82. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पॅप आणि नजरेची तपासणी यांना इथे मृत्युदर ठळकपणे खाली आणता आला नाही. शिवाय पॅप किंवा नजरेच्या तपासणीत ‘काही नाही’ असं उत्तर मिळालेल्यांमध्ये पुढे कर्करोग निघण्याचा दर, एचपीव्ही चाचणीत निर्दोष ठरलेल्यांच्या चौपटीहून अधिक होता.

नजरेच्या तपासणीची बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. शास्त्रींच्याच नेतृत्वाखाली झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दर दोन वर्षांनी तीच तपासणी केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. म्हणजे साधं तंत्रही उपयोगी पडतं, पण पुन्हा पुन्हा करावं लागतं.

उस्मानाबादच्या कामावर एक गंभीर आक्षेपही आला. तपासणीने जीव वाचतात हे आधीच माहीत असताना चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असा सवाल अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी 2014 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मधून केला. जिल्ह्यात तेव्हा अशी तपासणीच नव्हती, त्यामुळे या स्त्रियांची असलेली कोणतीही सेवा काढून घेतली नाही, असं संशोधकांचं म्हणणं. वाद अजून विझलेला नाही, आणि विझू नयेच. चौथ्या गटातल्या त्या बायकांशी तुलना झाली म्हणूनच जगाला उत्तर मिळालं. त्यांचं ऋण मान्य करायचं, तर या उत्तराचा लाभ आधी त्यांच्या लेकीसुनांना मिळायला हवा.

लसीच्या बाबतीतही बार्शी आणि पुणे कामाला आले. मुलींना एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा अभ्यास 2009 मध्ये देशात अनेक ठिकाणी सुरू झाला. बार्शी हे त्यातलं एक केंद्र आणि पुण्यात जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातून डॉ. स्मिता जोशी यांचं पथक. एप्रिल 2010 मध्ये एचपीव्ही लसीच्या दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वादळ उठलं आणि सरकारने अशा सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळालेला होता. संशोधकांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांनंतरही एका डोसचं संरक्षण 95 टक्क्यांच्या आसपास टिकल्याचं 2021 मध्ये सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही देशी लस 2023 च्या जानेवारीत आली.

एवढं ज्ञान ज्या मातीत पिकलं, तिच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात काय चाललं होतं? 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या 82,309 महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्यावरून ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असं सांगितल्याचं अनेकींनी बोलून दाखवलं. चाचणी न करता दाखवलेली ही भीती आहे. एक साधी तपासणी ती भीती खरी की खोटी ते सांगू शकते, आणि ही गोष्ट प्रत्येक बाईला ठाऊक असणं हा तिचा हक्क आहे.

काळेवाडीतल्या बायकांना यासाठी बार्शी गाठायची गरज नाही. सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 30 ते 65 वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी व्हायला हवी. जवळच्या महापालिका दवाखान्यात किंवा पिंपरीतल्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात थेट विचारा. एचपीव्ही चाचणी होते का, तेही विचारा. काही त्रास नसतानाच जा, आणि गावाकडच्या आईला, जावेला, नणंदेलाही फोन करून सांगा.