आगोटीची बेगमी

रत्नागिरीच्या मांडवी, मिरकरवाडा किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांचा जमाखर्च हंगामावर चालतो. जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. घरखर्च मात्र थांबत नाही. म्हणूनच येथील गृहिणी आगोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा तोंडावर येण्याआधीच, बेगमी करते. बांगडे खारवायचे, सोडे व सुकट वाळवायची, उकडे तांदूळ, कुळीथ, आमसुले भरून ठेवायची. आषाढात कुळथाच्या पिठीबरोबर भाजलेला सुका बांगडा ज्याने खाल्ला आहे, तो यास गरिबीचे अन्न म्हणणार नाही.

या काटकसरीचे खरे मोल ताटापलीकडे आहे. पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून उचल घेतली, की पुढील हंगामाची मासळी बहुधा त्यालाच, त्याच्याच भावाने द्यावी लागते. कोठी भरलेले घर नारळी पौर्णिमेनंतर आपल्या मर्जीने भाव करते.

पुस्तके, औषधे यांस रोख पैसा लागतोच. त्यासाठी महिला बचत गटाचे अंतर्गत कर्ज सोयीचे. व्याजही गटातच राहते. मात्र ते मेअखेर मंजूर व्हावे. जुलैत सभा भरेपर्यंत उचल घेऊन झालेली असते.