ताप कितव्या दिवसाचा?

बेंगळुरूतल्या विषाणू प्रयोगशाळेत बर्फाचा डबा उघडला की आधी वाचला जातो तो सोबतचा कागद. नाव, वय, इस्पितळ सगळं असतं. 'ताप कधी आला' हा रकाना मात्र पुष्कळदा कोरा. मग तंत्रज्ञ वॉर्डात फोन लावते, "ज्वर यावाग बंतु?" पलीकडे कुणीतरी बोटांवर दिवस मोजत असावं.

डेंगी, चिकुनगुनिया, झिका हे तिघंही एडिस डासावरून येतात आणि सुरुवातीला लक्षणांवरून ओळखू येत नाहीत. तिघांचाही जनुकीय मजकूर आरएनएचा, आणि आरएनए भारी नाजूक. माणसाच्या बोटांवरची विकरंसुद्धा त्याचे तुकडे करतात. म्हणून हातमोजे सारखे बदलायचे. जैवसुरक्षा कपाटात रक्तद्रवावर विषाणू फोडणारं द्रावण घालतात, मग तो सिलिकाच्या पडद्यातून गाळतात. आरएनए पडद्याला चिकटतो, बाकीचं धुऊन जातं. शेवटी हाती लागतो जेमतेम एक थेंब.

रसायनं मिसळण्याची खोली वेगळी. नमुन्याच्या खोलीतून तिथं परत जायचं नाही, कारण कणभर दूषण पुरं होतं. पीसीआरच्या यंत्रात आधी आरएनएचा डीएनए होतो, मग ९५ आणि ६० अंशांच्या आसपास चाळीसेक फेऱ्या. दर फेरीत प्रती जवळपास दुप्पट होतात. प्रत्येक विषाणूला वेगळ्या रंगाची चमक, ती वाढली की आलेखावर रेघ उठते, शिवाय एक रेघ माणसाच्या स्वतःच्या जनुकाची. ती उठलीच नाही तर 'निगेटिव्ह' लिहिता येत नाही. नमुनाच बिघडला असेल. नुसत्या पाण्याच्या नळीत रेघ उठली, तर अख्खा रन बाद.

डासांचीही तपासणी होते. एका जागचे, एका जातीचे डास एका नळीत घालून चटणीसारखे वाटतात. शेजारच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात, तलकायलबेट्ट्याच्या परिसरात, २०२३ साली झिका आधी असाच डासांत सापडला. त्यानंतर गावातल्या तापकऱ्यांचे आणि गरोदर बायकांचे नमुने घेतले गेले.

एवढं तल्लख तंत्र, पण त्याची खिडकी अरुंद. डेंगीचा विषाणू रक्तात साधारण पहिले पाच दिवस सापडतो. पुढं प्रतिपिंडांची, म्हणजे आयजीएम एलायझा चाचणी करावी लागते. तिची किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था बनवते. जपानी मेंदूज्वरात तर रुग्ण इस्पितळात पोचेपर्यंत विषाणू रक्तातून बहुधा गेलेला असतो, म्हणून पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्यात आयजीएम शोधतात. आठव्या दिवशी 'फीव्हर पॅनल'च्या नावाखाली महागडी पीसीआर करून 'निगेटिव्ह' आलं म्हणून निश्चिंत होणं, हे मला तरी पैसे देऊन फसणं वाटतं.

तेव्हा घरात कुणाला ताप आला, तर तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि रक्त द्यायला जाल तेव्हा ती कागदावर उतरवून घेतल्याशिवाय हलू नका.