तापाला घाबरणारी माशी

हिवरे बाजारला मी पाण्यासाठी गेलो होतो. संपादकांना पाण्याच्या ताळेबंदावर लेख हवा होता: जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाचं गाव, १९८९ साली सरपंच झालेले पोपटराव पवार, डोंगरउतारावरचे समतल चर, शेतीच्या बोअरला आणि उसाला बंदी. हे इतक्यांनी लिहून झालंय की दुपारपर्यंत माझी वही दुसऱ्यांच्याच ओळींनी भरली. ती मिटून नगरची एसटी धरली.

शेजारी एक आजी, मांडीवर चारेक वर्षांची नात. चैत्राचं ऊन खिडकीतून थेट अंगावर. आजी दर दहा मिनिटांनी ओलं फडकं पोरीच्या मानेवरून फिरवत आणि उलट्या हातानं कपाळ चाचपत.

"अंग तापलं की आकडी येती हिला. पयल्यांदा आली तवा सहा म्हैन्यांची व्हती. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. थांबंचना." मग फाइल काढून एका शब्दावर बोट ठेवलं: एससीएन१ए. "डॉक्टर म्हनले, मेंदूतलं मिठाचं दार बिघडलंय. जेवनात मीठ कमी करू का, भाऊ?"

मिठाचा संबंध खरा, पण ताटातल्या मिठाशी नाही. चेतापेशीच्या बाहेर सोडियम भरपूर, आत थोडा. तिच्या आवरणात प्रथिनाची दारं असतात. ती उघडली की सोडियम आत घुसतो, विजेचा दाब उसळतो, त्या धक्क्यानं पुढचं दार उघडतं आणि संदेश वणव्यासारखा सरकतो. इथवर शाळेच्या पुस्तकातही असतं. मला झपाटलं ते दार मिटण्यानं. उघडल्यापासून एक-दोन मिलिसेकंदांत त्याच प्रथिनाचा एक लोंबता फास आतून येतो आणि मोरीला बोळा बसावा तसा वाट बुजवतो. साखळी सुमारे दोन हजार अमिनो आम्लांची, पण बोळ्याचं मुख्य काम तिघांकडे: आयसोल्यूसिन, फेनिलॲलॅनिन, मेथिओनिन. बोळा सैल बसला तर सोडियम झिरपत राहतो आणि पेशी कारण नसताना पुन्हापुन्हा पेटते.

या दाराचा एक धागा मुंबईत सापडतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, भौतिकवाल्यांच्या राज्यात, ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. आधी जिवाणू, मग पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या फळमाश्या. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला डेव्हिड सुझुकी यांच्या गटाला माश्यांचा एक विलक्षण वाण सापडला होता. काचेच्या नळीत त्या नेहमीसारख्या चढत असतात. नळी २९ अंशांपर्यंत तापवली की टपाटप तळाशी पडतात. गार केली की काही सेकंदांत उठतात आणि काही झालंच नाही अशा पुन्हा चढू लागतात. सिद्दीकी आणि सिमूर बेन्झर यांनी अशा माश्यांच्या अंगातली वीज मोजली. १९७६ च्या त्यांच्या निबंधानं दाखवलं, की या वाणात अडतो तो मज्जातंतूंतला संदेश. जनुक सोडियमच्या दाराचं आहे हे कळायला १९८९ उजाडलं. माशीकडे या दाराचं एकच जनुक, माणसाकडे नऊ. त्यांतली चार मेंदूत विशेष कामाची.

पण माशी तापानं लुळी पडते, मग पोरीला उलट आकडी का? मी इथं बराच अडखळलो. उत्तर २००६ मध्ये उंदरांत मिळालं. एससीएन१ए या जनुकाचं दार मुख्यत्वे लगाम घालणाऱ्या चेतापेशींना लागतं. ते निकामी झालं की लगामवाले गप्प बसतात आणि बाकीचे उधळतात. शार्लट द्राव्हे यांनी १९७८ मध्ये वर्णन केलेल्या बालवयातल्या अपस्माराचं मूळ बहुतेकदा याच जनुकात असतं, हे २००१ मध्ये कळलं होतं.

खरी पंचाईत पुढे आहे. एससीएन२ए या भावंडात बिघाड झालेल्या काही तान्ह्यांचं दार जास्त वेळ उघडं राहतं. त्यांना दार दाबून धरणारं फेनिटॉइन लागू पडतं. तेच औषध द्राव्हे यांनी वर्णन केलेला अपस्मार असलेल्या मुलाला दिलं तर आधीच गप्प असलेले लगामवाले आणखी गप्प होतात आणि झटके वाढतात. म्हणजे जनुकाचं नाव कळून भागत नाही, दार कोणत्या बाजूनं बिघडलंय ते कळावं लागतं. त्यासाठी तो बदल पेशीत घालायचा, केसाहून बारीक टोकाची काचनळी तिच्या आवरणाला चिकटवायची आणि अँपिअरच्या लाख-कोटीव्या भागांत प्रवाह मोजायचा. नेहर आणि साकमान यांनी एकेका दाराची वीज अशी पहिल्यांदा टिपली तीही १९७६ सालीच. आज यंत्रं हे काम भराभर करतात. तरी मोजणी बहुधा प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या पेशीत होते, आणि तिथं नीट वागणारं दार मेंदूतही तसंच वागेल याची हमी नाही. शिवाय ज्या नोंदींशी आपल्याकडचा रिपोर्ट ताडून बघतात, त्या बऱ्याचशा युरोपीय वंशाच्या घरांतल्या. म्हणून कित्येकांच्या कागदावर शेरा येतो, 'अर्थ अनिश्चित', आणि तो घेऊन आईबापांनी घरी जायचं.

आजींच्या फाइलीत तसं नव्हतं. शेवटच्या पानावर आईवडिलांचीही तपासणी होती. हा बदल दोघांतही नाही, पोरीत नव्यानं झालेला, असं लिहिलेलं. मी ते वाचून दाखवलं.

"म्हंजी सुनंच्या घरनं न्हाई आलं?"

"नाही आजी. तुमच्याकडूनही नाही."

त्यांनी फाइल मिटून पिशवीत सारली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. फडकं वाळलं होतं. खिडकीबाहेर हात काढून त्यांनी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, पिळलं आणि पुन्हा पोरीच्या मानेवर ठेवलं.