मंजूर नसलेलं पद

बिलोली तालुक्यातल्या एखाद्या बाईला रात्री कळा सुरू झाल्या की घरचे तिला आधी ग्रामीण रुग्णालयात आणतात. नांदेड तिथून पाऊणशे किलोमीटरवर. दुसऱ्या बाजूला येसगीचा पूल ओलांडला की तेलंगण, बोधन, पुढे निजामाबाद. डॉक्टर हजर आहेत का, सिस्टर कोण आहे, हे सगळे विचारतात. पण सुखरूप बाळंतपणाला आणखी काही लागतं. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरला वीज लागते, सिलिंडरात ऑक्सिजन लागतो, नीट निर्जंतुक झालेली कात्री लागते, नळाला पाणी लागतं. मोठ्या रुग्णालयांत हे सांभाळणारा रुग्णालय अभियंता असतो. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आकृतिबंधात वैद्यकीय अधीक्षक आहे, परिचारिका आहेत, औषधनिर्माता आहे, कक्षसेवक आहेत. अभियंत्याचं पद नाही.

म्हणजे काम नाही असं नाही. काम वाटलं गेलं आहे. इमारत आणि वायरिंग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, उपकरणांची दुरुस्ती ठेकेदार संस्थेकडे, बाहेरची लाईन महावितरणकडे, जैववैद्यकीय कचरा नेणारी गाडी आणखी कुणाची. प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे. बिघाड मात्र नेमका दोन हद्दींच्या मध्ये होतो. वॉर्मर बंद पडला तर दोष वॉर्मरचा, सॉकेटचा की डीपीचा, हे रात्री दोन वाजता ठरवायचं कुणी? बहुतेक ठिकाणी ते एखादा कक्षसेवक किंवा कंत्राटी इलेक्ट्रिशियन ठरवतो. अशा माणसांच्या हाताला यश असतं म्हणून पुष्कळ निभावतं. पण निभावणं म्हणजे व्यवस्था नव्हे.

लाईट गेली की काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आपोआप बदल करणारं पॅनेल असेल आणि ते चालू स्थितीत असेल तर जनरेटर काही सेकंदांत भार घेतो. नसेल तर कुणीतरी टॉर्च घेऊन मागच्या खोलीत जातं, किल्ली फिरवतं, इंजिनाने वेग पकडला की चेंजओव्हरचा दांडा ओढतं. जनरेटर ऐनवेळी सुरू होत नाही तेव्हा दोष बहुधा इंजिनाचा नसतो, बॅटरी उतरलेली असते. म्हणून जाणकार माणूस जनरेटर आठवड्यातून एकदा नुसता चालवून पाहत नाही, त्यावर रुग्णालयाचा भार टाकून पाहतो आणि वहीत वेळ, डिझेल, तापमान लिहितो. ही वही नीट भरलेली असली की त्या रुग्णालयाबद्दल निम्मं कळतं.

लाईट जाण्यापेक्षा वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. थ्री फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथला दाब २३० व्होल्टवरून चढत ४०० च्या दिशेने जातो. पंखे गरगरतात, ट्यूब फुटतात आणि वॉर्मर, मॉनिटर, लस ठेवण्याचा फ्रीज यांची कार्डं जळतात. लस २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. फ्रीज रात्री जळाला आणि सकाळी कळलं, तर तालुक्याच्या बाळांची लस संशयात येते. जास्त दाब आला की पुरवठा तोडणारं यंत्र पॅनेलमध्ये बसवलं तर हे टळतं. उपकरणांच्या किमतीपुढे त्या यंत्राचा खर्च अगदी किरकोळ, पण तो मागायला हे जाणणारा माणूस जागेवर हवा.

आपल्या भागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. बिलोली-देगलूरची काळी माती उन्हाळ्यात वाळते आणि भेगाळते. अर्थिंगचा खड्डा तिच्यातच असतो. ओल गेली की जमिनीचा विरोध वाढतो आणि गळतीच्या करंटला वाट मिळत नाही. मार्च ते जून त्या खड्ड्यांत पाणी टाकायचं आणि विरोध मोजून लिहून ठेवायचा, हे इथल्या अभियंत्याचं पहिलं काम असायला हवं. हीच माती पावसात फुगते, त्यामुळे भिंतींना तडे जातात आणि पुरलेले पाइप सांध्यांत निखळतात. पुण्या-मुंबईच्या नमुन्यावर बांधलेल्या इमारतीची देखभाल इथे त्याच वेळापत्रकाने होणार नाही.

ऑक्सिजनचं गणित करोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळ्यांनाच शिकावं लागलं. एका जम्बो सिलिंडरात सुमारे ७००० लिटर वायू. मिनिटाला ५ लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो जवळजवळ दिवसभर पुरतो. ६० लिटर ओढणारं हाय फ्लो यंत्र लावलं तर दोन तासही पुरत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, वाहिनीतला दाब घसरला आणि २२ रुग्ण दगावले. त्यांच्या खाटेशी डॉक्टर होते, औषधं होती. तुटला तो पुरवठा.

त्यानंतर देशभर पीएसए प्लँट बसले, पीएम केअर्समधूनच हजाराहून अधिक. हे यंत्र हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या दाण्यांत धरून ठेवतं आणि ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन देतं. झिओलाइटला दमट हवा सोसत नाही. ड्रायर बंद पडला किंवा कॉम्प्रेसरचं तेल गाळणीतून पुढे गेलं की दाणे निकामी होतात आणि यंत्र चालू दिसत असूनही शुद्धता उतरते. गरज नाही म्हणून महिनोन्महिने बंद ठेवलेला प्लँट गरजेच्या दिवशी दगा देणारच. तो ठरावीक दिवशी चालवायला आणि शुद्धता मोजायला कुणाची तरी नेमणूक हवी. यंत्रं आली, माणसं आली नाहीत, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आगीबद्दल लिहिताना हात जड होतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. सतरा बाळांपैकी दहा गेली. आग एका वॉर्मरच्या नियंत्रण पॅनेलमधून सुरू झाल्याचं चौकशी समितीने सांगितलं. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातले अकरा रुग्ण आगीत दगावले. भंडाऱ्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १८ डिसेंबर २०२० रोजी, राजकोटच्या रुग्णालयातल्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कोविड रुग्णालयात अग्निसुरक्षेसाठी एक जबाबदार अधिकारी नेमायला सांगितलं होतं.

कारणं गूढ नाहीत. पंखे आणि ट्यूबलाइटसाठी वायर ओढलेल्या खोलीत पुढे वॉर्मर आले, एसी आले, कॉन्सन्ट्रेटर आले. प्रत्येक वस्तू कौतुकाने, कधी फीत कापून आली. वायर मात्र तीच राहिली. त्यातच खोलीत ऑक्सिजन झिरपत असेल तर हवेतलं त्याचं प्रमाण २१ टक्क्यांच्या वर जातं, आणि मग ठिणगी पडताच चादर, गादी, प्लास्टिक नेहमीपेक्षा फार वेगाने पेटतं. नवीन उपकरण खोलीत येण्याआधी ‘हा भार ही वायर सोसेल का’ हे विचारण्याचा आणि नाही म्हणण्याचा अधिकार एका माणसाला असावा, एवढीच रुग्णालय अभियंत्यांची मागणी आहे.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. एका डायलिसिसला चार तासांत सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं आणि ते तयार करताना बरंच पाणी वाया जातं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात हा आकडा ध्यानात ठेवायला हवा. बोअरच्या जड पाण्याने ऑटोक्लेव्हच्या हीटरवर थर चढतो, मग १२१ अंश गाठायला वेळ लागतो, आणि घाईत कुणी सायकल अर्धवट सोडली तर जंतुसंसर्ग थेट जखमेच्या टाक्यांपर्यंत पोचतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालकं होती. देशभर बातमी झाली. एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, त्याचीही झाली. त्या दृश्याने मला आजही त्रास होतो. स्वच्छतागृह घाण असणं गंभीरच आहे. पण तुंबलेली वाहिनी, गळका नळ, न चढणारं पाणी ही स्थापत्याची आणि नळकामाची प्रकरणं आहेत. त्यांचं इस्टिमेट कुणी करायचं, मंजुरी कुणाची, किती दिवसांत, हे त्या दिवशी विचारलं गेलं असतं तर रुग्णांना काही उपयोग झाला असता.

परदेशांत रुग्णालय अभियंत्यांच्या प्रादेशिक संघटना आहेत, त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७० पासून आहे. तिथे ते एकमेकांना सुट्या भागांचे पत्ते देतात आणि मुख्य म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात सांगतात. कुठल्या वॉर्मरचं कार्ड तापतं, हे देगलूरला कळलं तर मुखेडलाही कळायला हवं. नांदेड-लातूरमध्ये असं मंडळ हवं, त्यात शासकीय आणि खासगी दोन्हीकडचे, आयटीआय झालेले आणि पदवीधर, सगळे बसावेत. पण त्याआधी पद हवं. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला अभियंता देणं जमणार नसेल तर बिलोली, देगलूर, धर्माबाद, नायगाव, मुखेड मिळून एक विद्युत आणि एक जैववैद्यकीय अभियंता, सोबत प्रत्येक ठिकाणी एक कायम इलेक्ट्रिशियन, एवढ्याने सुरुवात होईल.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तुम्ही तिचे सदस्य असाल, किंवा सदस्य तुमच्या ओळखीचा असेल, तर पुढच्या बैठकीत जनरेटरची वही मागा. अर्थिंग शेवटचं कधी मोजलं ते विचारा. २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षेचा दाखला घ्यावा लागतो, तो पाहायला मागा. आणि उत्तर देणाऱ्या माणसाचं पद काय आहे, हे इतिवृत्तात लिहून घ्या.