अश्महत्यारांची घडण : छंद आणि विवेक

कोलकाता हे नगर गंगेच्या गाळावर वसलेले असल्याने तेथे घडविण्याजोगा दगड पायाखाली सापडत नाही. तथापि अश्मविद्येशी या नगराचा संबंध जुना आहे. १८१४ साली स्थापन झालेल्या तेथील भारतीय संग्रहालयात प्रागैतिहासिक दगडी हत्यारांचा मोठा संग्रह असून त्याची सूची १९१७ साली प्रसिद्ध झाली. दुर्गापूरनजीकच्या बीरभानपूर येथे ब्रजबासी लाल यांनी केलेल्या उत्खननात प्रामुख्याने गारगोटीची सूक्ष्म हत्यारे मिळाली.

अशी हत्यारे स्वतः घडवू पाहणाऱ्याने प्रारंभी बाटलीचा जाड काचेचा बूड घ्यावा. काच आणि अकीक यांचा धर्म एकच : आघाताचा जोर आत शंकूच्या आकाराने पसरतो आणि शिंपल्याच्या आतील बाजूसारखा वळणदार छिलका निघतो. येथे बळापेक्षा कोन महत्त्वाचा. ज्या पृष्ठावर घाव घालावयाचा ते आणि ज्या बाजूचा छिलका काढावयाचा ती, यांतील कोन ९० अंशांहून कमी असला पाहिजे. गोल गोट्याने कडेलगत घाव घातला, की छिलका खालच्या बाजूने सुटतो. त्यावर आघातस्थानाजवळ फुगवटा दिसतो. हाच फुगवटा संशोधकास मानवी हाताची खूण वाटतो. पुढील बारीक काम दाबाने होते. त्यासाठी लाकडी मुठीत बसविलेले तांब्याचे टोक पुरेसे आहे.

डोळ्यांवर चष्मा, हाती चामड्याचे मोजे आणि मोकळी हवा या तीन गोष्टी अपरिहार्य होत. दगडाची धूळ श्वासातून फुफ्फुसात साचते. खंभातच्या अकीक कारागिरांना याच धुळीमुळे सिलिकोसिस जडला आहे.

याहून सूक्ष्म धोका ज्ञानाचा आहे. प्राचीन हत्याराचे मोल त्याच्या मूळ जागेत व थरात असते. ते उचलून घरी आणले, की पुरावा नाहीसा होतो. आणि आपले छिलके उघड्या माळावर टाकले, तर उद्याच्या संशोधकास खोटा पुरावा मिळतो. म्हणून सरावासाठी प्राचीन स्थळावरील दगड घेऊ नये, नव्या हत्यारावर घडविल्याचे वर्ष कोरावे आणि छिलके कापडावर गोळा करून कचऱ्यात टाकावेत. हा नियम पाळणाऱ्याला संग्रहालयातील प्रत्येक दगडावर घावाची दिशा आणि क्रम वाचता येऊ लागतो. या छंदाचे खरे फळ तेच होय.