एंजिनाचा ठोका व त्याचे निदान

मोटारीचे एंजिन चालत असता त्यातून धातूवर धातू आदळल्यासारखा आवाज येऊ लागला, म्हणजे एंजिनात ठोका पडतो असे म्हणतात. ताप हा जसा रोग नसून रोगाचे लक्षण असतो, तसाच ठोका हा दोष नसून दोषाची सूचना होय. ती वेळीच न ओळखल्यास अल्प खर्चात दूर होणाऱ्या बिघाडापायी संपूर्ण एंजिन निकामी होऊ शकते. एंजिन न उघडता दोन तपासण्यांनी दोषाचे स्थान बरेचसे निश्चित करता येते. मात्र त्यांचा क्रम चुकता कामा नये.

आवाजाचे प्रकार

चढावर किंवा वेग वाढविताना खडे खुळखुळल्यासारखा आवाज आला, तर सिलिंडरातील इंधन अनियमितपणे जळत आहे असे समजावे. ठिणगीने पेटलेली ज्वाला सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकते. हलके पेट्रोल, साचलेली काजळी, अतिशय तापलेले एंजिन किंवा फार लवकर पडणारी ठिणगी ही त्याची प्रमुख कारणे होत. वरच्या भागातील हलकी टकटक बहुधा झडपांची असते. खालून येणारा जड ठोका बहुधा झिजलेल्या बेअरिंगांचा असतो. तो ऐकू येताच एंजिन बंद करून तेलाची पातळी पाहावी व गाडी पुढे चालवू नये.

प्रथम पट्टा

दट्ट्यांमुळे फिरणारा क्रँकशाफ्ट व झडपा उघडणारा कॅमशाफ्ट यांची सांगड पुष्कळ एंजिनांत दातेरी रबरी पट्ट्याने घातलेली असते. १९६२ मध्ये पश्चिम जर्मनीतील ग्लास कंपनीच्या मोटारीत असा पट्टा आला. १९८३ साली भारतात आलेल्या मारुती ८०० मध्येही तो होता. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते. क्रँकच्या चाकाला २० दाते असल्यास पट्टा एक दात सरकताच १८ अंशांची चूक होते. अनेक एंजिनांत अशा वेळी उघडी झडप दट्ट्यावर आदळून वाकते.

म्हणून स्टार्टर लावण्यापूर्वी पट्ट्याचे आवरण काढावे. भेगा, तुटलेले दाते व तेलाचे डाग पाहावेत. नंतर क्रँकशाफ्ट पान्याने त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवून दोन्ही चाकांवरील खुणा जुळतात काय ते पाहावे. मध्येच अडथळा लागल्यास बळ लावू नये. खुणा जुळत नसतील तर पट्टा नीट बसवून मगच पुढे जावे.

नंतर दाब

एंजिन कोमट असावे. इंधन व ठिणगीचा पुरवठा तोडावा, सर्व स्पार्क प्लग काढावेत, एका छिद्रात दाबमापक बसवावा व ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने पाचसहा फेरे द्यावेत. याच रीतीने प्रत्येक सिलिंडर मोजावा. सुस्थितीतील पेट्रोल एंजिनात हा दाब सामान्यतः दर चौरस सेंटीमीटरला १० ते १३ किलोग्रॅम भरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. आकड्याइतकेच सिलिंडरांतील परस्पर अंतरही महत्त्वाचे असते.

समजा, चार सिलिंडरांत १२, १२, ८ व ११.५ असे आकडे आले. दोष तिसऱ्यात आहे. त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब बराच वाढला तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत. न वाढल्यास झडप किंवा गॅस्केट गळते आहे. शेजारच्या दोहोंत दाब कमी असल्यास त्यांमधील गॅस्केटचा संशय घ्यावा. सर्वांत सारखाच कमी असल्यास पट्ट्याच्या खुणा पुन्हा पाहाव्यात. त्या जुळत असतील तर ती सार्वत्रिक झीज होय. सर्वांत प्रमाणाबाहेर अधिक असल्यास काजळी साचली आहे. दाब सर्वत्र योग्य असूनही खालचा ठोका कायम राहिला, तर बेअरिंगे व तेलाचा दाब तपासणे अवश्य आहे.

अशा रीतीने मिळालेले आकडे कागदावर लिहून ठेवावेत. दुरुस्तीनंतर तेच मोजमाप पुन्हा घेतले, म्हणजे दोष खरोखर दूर झाला की केवळ आवाज मंदावला, हे मालक व कारागीर या दोघांनाही कळते.