वांगाचे डाग आणि दुकानातली ट्यूब

मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हटले की तिच्या चेहऱ्यावरच्या डागांची चर्चा आपल्या घरांत हळू आवाजात सुरू होते. कोणी खाला मेडिकलमधून एक ट्यूब आणायला सांगते. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, सगळे खूश होतात आणि ट्यूब चालूच राहते. नुकसान इथूनच सुरू होते.

गाल, कपाळ आणि वरच्या ओठावर येणारे तपकिरी डाग म्हणजे वांग. तिथे मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार होते. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता ही त्याची मुख्य कारणे. घासून किंवा लिंबू चोळून वांग जात नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास नवे डाग पडू शकतात.

अशा पुष्कळ ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तीन औषधे असतात. डॉक्टरही ती देतात, पण ठराविक आठवड्यांपुरती आणि तपासत राहून. महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ व लाल होते, मुरमे आणि लव वाढते. म्हणूनच 2018 मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये तर पारा सापडला आहे; तो किडनीला इजा करतो.

खरा उपचार उन्हापासून बचावाने सुरू होतो. किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन रोज लावावे. वुजूत चेहरा धुतला जातो, म्हणून जुहर आणि असरच्या नमाजनंतर ते पुन्हा लावण्याची सवय ठेवावी. नकाबचे पातळ कापड पुरेसे नाही. गरोदरपणात वरील औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. बाळंतपणानंतर डाग बहुधा फिके होतात. फरक दिसायला काही महिने लागतात आणि ऊन लागले की वांग परतते, तेव्हा सबर हवाच.

सूरह रूममध्ये माणसांच्या रंगांतील फरकाला अल्लाहची निशाणी म्हटले आहे. वांगावर इलाज जरूर करावा. सावळा रंग हा आजार नाही, हे आपण मुलींना आणि मुलांच्या आयांनाही सांगायला हवे.

आज घरातली ट्यूब पाहा. तिच्यावर बीटामेथॅसोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिले असेल तर ते स्टेरॉइड आहे. बरेच दिवस लावलेली ट्यूब एकदम थांबवल्यास चेहऱ्याची आग होते. ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.